कान पिळायचा मान

हे लिहायला घेतलं खरं, पण आपण लिहावं की नाही, ही शंका अजून गेलेली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बारामतीला शिकलो, पुढं शिष्यवृत्ती मिळाली आणि जर्मनीत आलो. इथं मी मातीवर संशोधन करतो. माझं लिहिणं म्हणजे तक्ते आणि त्यांच्याखालच्या दोन ओळी. घरातल्या माणसांबद्दल कसं लिहितात ते मला कुणी शिकवलेलं नाही. त्यामुळे वाचताना कुठं अडखळायला झालं, तर तो दोष माझा समजावा आणि पुढं जावं.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरल्याचा आईचा फोन आला, त्याच आठवड्यात मुलीच्या बालवाडीतल्या बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं होतं. मुलगी पाच वर्षांची. घरात तिची बडबड थांबत नाही. आंघोळ करतानाही ती साबणाला गोष्टी सांगते. पण घराबाहेर पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. बालवाडीत जायला लागून वर्ष होत आलं, तरी तिनं तिथं एक शब्द उच्चारला नव्हता. सगळं समजायचं, चित्रं सुंदर काढायची, फक्त बोलायची नाही. बाई प्रेमळ होत्या. म्हणाल्या, वसंताच्या सुट्टीनंतर थोडे दिवस बघू, नाहीतर तज्ज्ञांकडे न्यावं लागेल, आणि कदाचित शाळा एक वर्ष पुढं ढकलावी लागेल.

बायकोची नोकरी दवाखान्यातली, रजा मिळाली नाही. म्हणून लग्नाला मी आणि मुलगी दोघंच निघालो.

विमानात तिला रस हवा होता. हवाई सुंदरी वाकून विचारत होती आणि ही माझ्या कानाशी येऊन कुजबुजत होती. मुंबईला चुलतभाऊ गाडी घेऊन आला होता. भिगवणला जेवायला थांबलो. त्यानं चिलापी मागवली आणि काटे काढून तिच्या ताटात ठेवत विचारलं, "काय गं, आवडली का?"

ती माझ्या दंडामागं गेली.

"कसं रं," तो मला म्हणाला, "तितं बोलायला पैसं पडत्यात व्हय?"

मी हसलो. तिनं मात्र मासा सगळा संपवला, हे त्याला पुरेसं होतं.

दारात आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि नातीला उचलायला हात पुढं केले. नात माझ्या पायाला चिकटली. आईचे हात तसेच क्षणभर राहिले, मग तिनं ते पदराला पुसले. "लाजरी हाय," ती म्हणाली. "तूबी असाच व्हतास." बालवाडीतलं मी काही सांगितलं नाही. लग्नघरात कशाला, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पापड-सांडग्यांच्या पसाऱ्यात बसून आईनं एक गोष्ट जाहीर केली. कान पिळायचा मान नातीला द्यायचा.

आमच्याकडं लग्नाच्या विधीत नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, असा त्याचा अर्थ. आमच्या भावकीत त्याला एक पुरवणी आहे. कान धरून भावानं काहीतरी मागायचं, आणि तेही मोठ्यानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं. नवरदेवानं कबूल केल्याशिवाय कान सोडायचा नाही. कुणी घड्याळ मागतं, कुणी मोबाईल. घासाघीस होते, आणि खरी मजा त्यातच असते.

"पोरगी कान पिळणार?" थोरले चुलते म्हणाले. "भाऊ लागतो त्याला."

"धाकटा भाऊ न्हाय तिला. थोरल्यानं कान पिळला तर पाव्हणं रागावत्यात. लहान लेकरू असलं की गोड लागतं," आई म्हणाली. "आन् भावाची लेक म्हंजी भावच की."

आबा, म्हणजे माझे वडील, पान लावत होते. "करू द्या," एवढंच ते म्हणाले, आणि विषय संपला.

मी आईला बाजूला घेऊन म्हणालो, मीच पिळतो, ती बोलणार नाही. आई म्हणाली, "न बोलली तर न बोलली. कान तर पिळंल."

लग्न मुलाच्या दारात, शेळगावला होतं. आम्ही सकाळी पोहोचलो तेव्हा मांडवात पंखे लावायचं काम चाललं होतं. फेटे बांधणाऱ्याभोवती गर्दी होती. त्या गडबडीत मुलगी दिसेना. शोधत घराच्या मागं गेलो तर गोठ्याच्या सावलीत ती उकिडवी बसली होती. समोर एक तपकिरी शेळी, कान पांढरे, पोट चांगलंच फुगलेलं. आणि मुलगी तिच्याशी बोलत होती. अर्धं मराठी, अर्धं जर्मन. विमान कसं हलतं, आई का आली नाही, आत्याच्या हातावर मेंदी कशी काढली, सगळं सांगणं चाललं होतं. मी भिंतीमागंच उभा राहिलो.

तेवढ्यात नवरदेवाची आई पाटीत पाला घेऊन आली. मुलगी गप्प झाली.

"बोल की, तिला कळतं," त्या म्हणाल्या. "गाभण हाय ती. पोटात पिल्लं हायती." त्यांनी पाल्याची एक डहाळी तिच्या हातात दिली आणि काही न विचारता निघून गेल्या. मला त्या बाई तेव्हाच आवडल्या.

दुपारी अक्षता पडल्या. विधी सुरू झाले, लाह्या झाल्या आणि गुरुजी म्हणाले, "चला, कानपिळे कुठं आहेत?"

मुलीला फेटा बांधला होता आणि तो भुवयांवर घसरत होता. मी तिला पाटावर उभं केलं. नवरदेव हसत वाकला. तिनं दोन्ही हातांनी त्याचा कान धरला.

"काय पायजे?" नवरदेवानं विचारलं.

ती गप्प.

"गाडी माग, गाडी," आमच्याकडून कुणीतरी ओरडलं.

"ट्रॅक्टर माग. तात्यांनी नवा घेतलाय."

तात्या म्हणजे नवरदेवाचे वडील. "आमचा ट्रॅक्टर न्हाय घावायचा," ते पुढच्या खुर्चीवरून म्हणाले, "त्याचं हप्तं घ्या म्हणावं."

मांडव हसला. मग हळूहळू शांत झाला. फोटोवाला थांबला. बँडवाल्यानं माईक आणून तिच्या तोंडासमोर धरला. नवरदेवाचा कान लाल व्हायला लागला होता आणि मुलगी समोर कुठंतरी बघत होती. बालवाडीत ती अशीच बघते. ही लाजते, मी मागतो, असं म्हणून मी हात पुढं केला. मागून आईनं माझ्या सदऱ्याची बाही धरली.

"थांब. तिचं तिला मागू दी."

मी थांबलो. त्या वेळी आईचा रागच आला होता.

"शेळी," मुलगी म्हणाली.

माईकमधून ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

नवरदेव वाकल्या वाकल्या म्हणाला, "कंची शेळी?"

"मागं बांधलेली. पांढऱ्या कानांची."

"ती न्हाय बाई. गाभण हाय ती. दुसरं काय बी माग. सायकल माग."

तिनं कान जरा जास्त पिळला. "नाही. तीच."

"आरं दे की," मागून बायका ओरडल्या.

"दिली, दिली. सोड आता, तुटंल."

तिनं सोडला नाही. आधी वळून आत्याकडं बघितलं. बहीण मुंडावळ्यांच्या आड हसू दाबत होती. तिनं मान हलवल्यावर मगच कान सुटला.

"विमानात बसंल का गं ती?" तात्यांनी विचारलं.

"ती इथंच राहील," मुलगी म्हणाली. "आत्या सांभाळेल."

"म्हंजी नव्या सुनंला उंबऱ्यातच काम लावलं," नवरदेवाची आई म्हणाली, आणि मग जे हसू उठलं ते गुरुजींनाही आवरेना. थोरले चुलते डोळे पुसत होते; ते हसूनच पुसत होते असं मी धरून चाललो. आईनं पाटावरून नातीला उचललं आणि या वेळी ती माझ्याकडं आली नाही. मठ्ठ्याचा पेला घेऊन आजीच्या कडेवर बसून राहिली.

त्यानंतर ती सगळ्यांशी बोलू लागली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. आजीशी बोलली, आबांशी थोडंसं, शेळीशी पुष्कळ. बाकी पाहुण्यांसमोर पुन्हा कुलूप. जर्मनीत परत आलो आणि बालवाडीतही तेच. आठवडे गेले. तज्ज्ञांकडे जायचा दिवस ठरला. मांडवात बोललेली मुलगी मी स्वप्नात पाहिली की काय, असं मला वाटायला लागलं.

एका सकाळी बहिणीचा फोन आला. तिनं चेहरा दाखवलाच नाही, थेट गोठा दाखवला. शेळी व्याली होती. दोन करडं, एक तपकिरी, एक सगळं पांढरं, पायांवर धड उभीही राहत नव्हती. मागून दाजींचा आवाज आला, "मालकीणबाई, नावं काय ठिवायची ती सांगा." मुलगी फोनला इतकी चिकटली की काच धुरकटली.

बालवाडीच्या वाटेवर ती एकदम गप्प होती. दारात मी विचारलं, "बाईंना फोटो दाखवू का?"

"नको," ती म्हणाली आणि आत गेली.

दिवसभर प्रयोगशाळेत माझं मन लागलं नाही. संध्याकाळच्या सुमारास बाईंचा निरोप आला. मी तो उभ्यानंच वाचला, मग बायकोला पाठवला, मग आईला फोन लावून मराठीत सांगितला:

आज सगळे गोलात बसलेले असताना तुमच्या मुलीनं स्वतःहून हात वर केला आणि सांगितलं की तिच्या शेळीला दोन पिल्लं झाली. शेजारच्या मुलाचा विश्वास बसला नाही. तेव्हा तिनं त्याचा कान धरला आणि तो हो म्हणेपर्यंत सोडला नाही. कान धरण्याबद्दल आम्ही तिच्याशी बोललो आहोत. कृपया घरीही बोलावं.