मामाजींची दुर्बीण आणि माझा डावा हात

माझ्या सासऱ्यांच्या बंदुकीने आयुष्यात एकच शिकार केली, ती सासूबाईंच्या रांजणाची.

त्या साली बीबी गावच्या आमच्या शेतात रानडुकरं ज्वारी लोळवत होती. असंच चाललं असतं तर घरात कणीस आलं नसतं! म्हणून मामाजींनी (म्हणजे सासऱ्यांनी) बदलून गेलेल्या एका साहेबाची दुर्बिणीची बंदूक आणली. पण दुर्बीण वाकडी. डुक्कर दिसायचं इथे, गोळी जायची तिथे! दुर्बीण नळीवर दोन कड्यांत बसवलेली, कडीला दोन्ही बाजूंनी पेच. एक सैल करून दुसरा आवळला की दुर्बीण सरके.

बांधावर कोहळं ठेवलं. गोळी कुठे लागली ते तिथून सांगायला माणूस हवा.

"हिले उभी करा, बाबा," आमचे हे म्हणाले. "चौथी पास हाय. डावं-उजवं कयते तिले."

मामाजींसमोर मी तोंड उघडत नसे. म्हणून ठरलं, गोळी ज्या बाजूला जाईल तो हात वर करायचा.

बार होईपर्यंत मी कोहळ्याजवळच्या खड्ड्यात. धाड! धावले. कोहळं शाबूत, डावीकडे मातीत भोक. आता थोरांना पाठ कशी दाखवायची? पदर ओढला, त्यांच्याकडे वळले आणि डावा हात वर केला.

"उजवीकडं गेली!" मामाजी ओरडले. ह्यांनी पेच फिरवला.

पुढची गोळी आणखी डावीकडे. वळले, डावा हात.

"अजून उजवीकडंच? पीळ बे आणखी!"

त्यापुढची पार डावीकडच्या बाभळीत!

"काऊन बे, पेच उलटा त नाही फिरवून राह्यला?"

"नाही बाबा, तिचा हात पाहा ना!"

हात तर डावाच होता!

काडतुसं संपत आली. पुढची गोळी बाभळीपलीकडच्या आमच्या झोपडीच्या कोपऱ्यावरच्या रांजणात! पाण्याचा लोट, मागोमाग पळी घेऊन सासूबाई.

"अवं माय! डुकरं बरी, ते रांजण त नाही फोडत! काव पोरी, हात कोन्ता केला व्हता?"

"डावा," मी पदरातून पुटपुटले.

"मंग बंदुकीकडं तोंड काऊन केलं?"

"मामाजींना पाठ कशी दाखवू?"

मामाजींनी कपाळाला हात लावला. "पोरी, आजच्या दिस दाखव!"

पाठमोरी उभी राहून डावा हात वर केला, ह्यांनी पेच उलटा पिळला, आणि शेवटच्या काडतुसाने कोहळं फुटलं. बारांच्या धसक्याने डुकरंही फिरकली नाहीत. ज्वारी वाचली.

सासूबाई मात्र नवा रांजण भरताना दर वेळी विचारत, "चौथीत शिकली तरी काय वं तू?"

डावं-उजवं शिकले होते. आपण वळलो की तेही आपल्याबरोबर वळतं, हे बहुधा पाचवीत होतं!