केळुसकरबाईंचं दगडफूल

कोपरखैरण्याच्या वाण्याकडे केळुसकरबाई मसाल्याचं दगडफूल घ्यायला गेल्या की मागची रांग वैतागायची. बाई पर्समधून भिंग काढायच्या आणि एकेक तुकडा उलटसुलट करून बघायच्या. "मॅडम, मसाला करायचाय की लग्न जुळवायचंय?" वाणी विचारायचा. बाई शांतपणे म्हणायच्या, "यात तीन जाती आहेत. तुम्ही एकाच नावाने विकताय."

मी करावे गावची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वाशीजवळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागले, ती बाईंच्या हाताखाली. "डोळा फसवतो. आधी थेंब टाक, मग बोल," हे त्यांचं पहिलं वाक्य. दगडफुलावर पोटॅशचा थेंब टाकला की कुठलं पिवळं पडतं, कुठलं लाल होतं, कुठलं ढिम्म राहतं. जात ओळखायची ती त्यावरून.

घाटमाथ्यावरच्या एका कड्यावर बाईंना राखाडी रंगाचं, कुठल्याच पुस्तकात न बसणारं दगडफूल सापडलं होतं. तीन वर्षं त्यांनी त्याची चित्रं काढली, बीजाणू मोजले, वर्णन लिहिलं आणि सगळं विभागप्रमुख निमकर सरांकडे तपासायला दिलं. सरांनी ते एकट्याच्या नावाने छापलं. नव्या जातीला नाव दिलं सासऱ्यांचं. शेवटी आभाराची एक ओळ: 'नमुने गोळा करण्यास सौ. केळसकर यांची मदत झाली.' बाई अविवाहित होत्या, आणि आडनावही चुकलं होतं.

बाई भांडल्या नाहीत. रागावल्या की त्या मालवणीवर येत, तशा आल्या. "आमच्या गावात वैर सुक्या बांगड्यासारख्या वाळवून ठेवतत. टिकता ता."

सहा वर्षं त्या परदेशी संग्रहालयांना पत्रं लिहीत राहिल्या. शेवटी एक पाकीट आलं. शंभरेक वर्षांपूर्वी निलगिरीत कुणा साहेबाने गोळा करून नाव दिलेलं दगडफूल त्यात होतं. बाईंनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून थेंब टाकले. दोन्ही आधी पिवळे, मग रक्तासारखे लाल. बीजाणूही तेच.

"बाई, म्हणजे तुमचाही शोध गेला की!" मी म्हटलं.

"माझा तेव्हाच गेला. आता त्यांचाही जाऊ दे."

शास्त्राचा नियम साधा आहे: आधीचं नाव खरं, नंतरचं रद्द. बाईंनी लेख छापायला पाठवला आणि एक प्रत मुद्दाम सरांच्या टेबलावर ठेवली. संध्याकाळी सर पेढे घेऊन बाईंच्या घरी हजर. मी तिथेच होते.

"मालती, पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय. तेवढं थांब. पुढचा लेख दोघांचा काढू, तुझं नाव आधी."

बाईंनी दोन्हींचे बीजाणू लावून घरचा मायक्रोस्कोप त्यांच्यापुढे सरकवला. "बघा. वेगळं दिसलं तर लेख आत्ता मागे घेते."

सरांनी बराच वेळ पाहिलं. मग मायक्रोस्कोप परत सरकवला. "माणसाची चूक होते गं."

"चुकलात म्हणून नाही करत मी हे. माझं नाव पुसलंत म्हणून करतेय. पेढे घेऊन जा."

लेख निरोप समारंभाच्याच आठवड्यात छापून आला. समारंभात बाईंनी स्वतःहून माइक मागितला. "निमकर सरांचं नाव शास्त्रात कायम राहील," त्या म्हणाल्या. "मी जातीने तशी व्यवस्था केली आहे." सभागृहाने टाळ्या वाजवल्या. खरा अर्थ आम्हा तिघांनाच कळला. जातीच्या नावापुढे ते देणाऱ्याचंही नाव लिहितात. यापुढे त्या दगडफुलावर जगात कुणीही लिहिलं, तरी रद्द नावांच्या यादीत सरांचं नाव येणारच होतं. सर गळ्यातल्या हाराकडे बघत बसले.

परतताना रिक्षात मी एकटीच बडबडत होते. मला केवढं बरं वाटत होतं! दारापाशी पोचल्यावर कुलपात चावी घालता घालता बाई म्हणाल्या, "कड्यावर ते पहिल्यांदा दिसलं ना, तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले होते गं."

चावी काही केल्या फिरेना. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि दार उघडलं.