दोनशे बारा बदल्या

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धरमपेठेतल्या आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत कॉम्प्युटर आला आणि साहेबांचं डोकंच फिरलं. माझा तीन महिन्यांचा कोर्स झालेला, म्हणजे ऑफिसात मीच विद्वान! यंत्र दोन तऱ्हेची उत्तरं द्यायचं. ‘दाखव’ म्हटलं की एकेक नाव पडद्यावर. ‘बदल’ म्हटलं की नुसता आकडा, इतक्या नोंदी बदलल्या. नावांचा साहेबांना भारी कंटाळा. आकडा मात्र ते रोज संध्याकाळी केबिनबाहेरच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहायचे आणि छाती फुगवून घरी जायचे.

शहराबाहेर वाडीला आमचं गोदाम होतं, तिथे एक वयस्क कारकून होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. घर आमच्या ऑफिसमागेच, बायको लकव्याने अंथरुणाला खिळलेली. दुपारी जाऊन तिला दोन घास भरवता यावेत म्हणून वर्षभर अर्ज करकरून त्यांनी धरमपेठेला बदली मिळवली. गोदामाच्या यादीतली त्यांची नोंद मला बदलायची होती. मी ‘बदल’ लिहिलं, ‘धरमपेठ’ लिहिलं आणि कोणाची, तेच लिहायला विसरलो. पडद्यावर आलं, दोनशे बारा. अख्खं गोदाम धरमपेठेत!

मी तोंड उघडणार तोच साहेबांनी पाठ थोपटली. “दोनशे बारा! एका दिवसात!” शिपायाला समोसे आणायला पिटाळलं. मी, नालायक, मुकाट्याने समोसा खाल्ला.

दोन दिवसांनी गोदामाचं हजेरीपत्रक छापलं, तर त्यात एकही नाव नाही. साहेब गरजले, “सगळे वापस वाडीला टाक!” टाकले. पुन्हा दोनशे बारा. तेही फळ्यावर चढले, दिमाखात.

संध्याकाळी काका माझ्या टेबलाशी आले. “काहून गा बाबू, बदली तं माह्या एकट्याची होती ना? मले काहून वापस धाडलं?”

एका ओळीचं काम होतं. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, “एका नोंदीसाठी मशीन अडवायची? बदल्यांच्या पुढच्या यादीत बघू.” फळ्यावर ‘एक’ लिहायची त्यांना लाज, आणि त्यांच्यापुढे बोलायची मला हिंमत नाही.

पुढची यादी सहा महिन्यांनी निघाली. काकांचं नाव मी सगळ्यात आधी घातलं, ‘दाखव’ म्हणून पडद्यावर डोळ्यांनी पाहिलं आणि उत्साहाने गोदामात फोन लावला.

“राहू दे गा आता,” काका म्हणाले. “दुपारी घरी जाऊन जेवू कोणाले घालू?”