भिंतीतलं समन्स

थंडी अशी पडली होती की तुरीच्या शेंगांवरून दव टपटप गळून राहिलं होतं आणि गल्लीतली कुत्री इझलेल्या चुलीच्या राखेत अंग घालून पडली होती. प्रेमानंद पाईकराव मात्र उजाडायच्या आधी ओट्यावर कागद मांडून बसला. तालुक्याच्या कोर्टात तो बेलीफ होता. कोर्टाचं समन्स माणसाच्या हातात द्यायचं आणि निकाल लागला की जमिनीचा कब्जा करून द्यायचा, ही त्याची नोकरी. कागद तो तारखेनं लावत नसे, सायकलच्या वाटेनं लावत असे. आधी सडकेवरची गावं, मग ओढ्यापलीकडची.

तेवीस वर्षांत त्यानं जिल्हा असा पायाखालून पाहिला होता. नव्वद सालच्या पुढं-मागं सगळे दावे बांधाचे आणि विहिरीच्या पाळीचे. मग जीपगाड्या वाढल्या आणि अपघाताचे दावे आले. नव्याण्णवला हिंगोली जिल्हा झाला, तसे सडकेकडेचे प्लॉट भांडू लागले. आणि अलीकडं बहिणी भावांवर दावे टाकून राहिल्या होत्या.

"आधी लेकीला साडीचोळीवर वाटंला लावत होते," चहाच्या हॉटेलात तो सांगायचा. "आता ती सातबारा मागून राहिली. कायदा झाला चौऱ्याण्णवला. आपल्याकडं यायला त्याला आठ वर्षं लागले. पायी आला असंल."

समन्स लागलेला माणूस घरी सापडत नाही, म्हणून प्रेमानंद त्याला जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात गाठायचा. पण चारचौघांत कागद काढायचा नाही. "चला, च्या पिऊ," म्हणून बाजूला न्यायचा, अर्धा कप पोटात जाऊ द्यायचा, आणि मग हळूच सांगायचा, "घाबरू नका. कोर्टानं फकस्त बोलावलंय. तारखेला नक्की जा, न्हाई गेलात तर समोरच्याचंच खरं धरतेत." शेवटचं वाक्य तो दोनदा म्हणायचा. ज्याला वाचता येत नाही त्याला पूर्ण कागद वाचून दाखवायचा. हे सगळं नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं.

त्या सकाळी कागदांत एक कब्जा वॉरंट होतं. शालूबाई नावाच्या विधवेची विहिरीलगतची दोन एकर जमीन तिचा दीर भागवत याच्या ताब्यात द्यायची होती. भागवतनं दावा टाकला होता, शालूबाई एकाही तारखेला आली नव्हती, आणि निकाल एकतर्फी झाला होता.

प्रेमानंद तिच्या दारात पोचला तेव्हा भागवत दोन पंच घेऊन उभाच होता. शालूबाई हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. कागद ऐकला आणि ती उठली.

"काहून? मला कवा बोलावलं कोर्टानं?"

"बोलावलं होतं, बाई. सव्वा वर्ष झालं. मीच समन्स चिटकवून गेलो."

"कुठं चिटकवलं? मला दाव बरं!"

"वैनी, आता नाटक करून काय उपेग?" भागवत म्हणाला. "सरकारी माणूस खोटं बोलंल का?"

प्रेमानंदला ती दुपार आठवत होती. दार पत्र्याचं, त्यावर खळ धरत नव्हती, म्हणून त्यानं चौकटीशेजारी मातीच्या भिंतीवर कागद लावला होता. तिथं आता पांढरी स्वच्छ भिंत होती.

"भाद्रपद सरत आला होता," तो म्हणाला.

"भाद्रपदात मी लेकीच्या बाळंतपणाला आखाडा बाळापूरला होते. सव्वा महिना."

कुडापलीकडून शेजारीण जिवनबाई आत आली. तोंडाला पदर लावून म्हणाली, "शालू, घट बसायला तीन दिस राहिले होते अन् तुझं घर तसंच. मी म्हणलं, आपणच पोतेरा द्यावा. भिंतीला कायतरी कागद होता खरं. मला वाटलं, इलेक्शनचा असंल. त्याच्यावरूनच मारली पांढरी माती."

प्रेमानंदनं खिशातली सायकलची किल्ली काढली आणि चौकटीशेजारची भिंत खरवडू लागला.

"ओ पाईकराव! तुमचं काम कब्जा द्यायचं, भिंत कोरायचं न्हाई," भागवत ओरडला.

पांढऱ्या मातीचा पोपडा हातभर निघून आला. त्याच्या पोटाला कागद चिकटलेला, आणि कागदावर कोर्टाचा निळा गोल शिक्का.

शालूबाई वाकून तो शिक्का बघू लागली. प्रेमानंदला मात्र वेगळंच टोचत होतं. त्या दिवशी घराला कुलूप होतं. बाई कुठं गेली हे त्यानं शेजारी विचारलं नव्हतं, दुसरी चक्कर मारली नव्हती. आणि अहवालात, नोकरीला लागल्यावर जुन्या बेलीफानं शिकवलेलं ठरलेलं वाक्य लिहून टाकलं होतं: 'प्रतिवादी घरी असून समन्स घेण्यास टाळाटाळ करते, सबब दारावर चिकटवले.' त्या वाक्यावर विश्वास ठेवून कोर्टानं निकाल दिला होता.

तिथंच ओट्यावर बसून त्यानं वॉरंटच्या पाठीवर झालेला सगळा प्रकार लिहिला, पंचांच्या सह्या घेतल्या, पोपडा रुमालात बांधला.

"आज कब्जा न्हाई," तो भागवतला म्हणाला. मग शालूबाईकडं वळला. "बाई, तीस दिसांच्या आत वकिलाकडून अर्ज टाका, मला समन्स पोचलंच न्हाई म्हणून. मी साक्षीला येतो."

कोर्टात नाझर मोहनसिंग, म्हणजे सगळ्या बेलीफांचा वरचा साहेब, कपाळाला हात लावून बसला. "अरे पाईकराव, सगळेच तसं लिहितात! तू कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो? बाईचा वकील बघून घेईल ना."

"तिचा वकील म्हणंल ती नव्हती, त्यायचा म्हणंल व्हती. पाह्यलं फकस्त मी, साहेब."

फेब्रुवारीत तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. याच कोर्टात तेवीस वर्षं तो बाजूला उभा राहायचा, पिंजऱ्यात पहिल्यांदाच. भागवतचा वकील त्याच्यावर तुटून पडला.

"म्हणजे तुम्ही कोर्टाला खोटा अहवाल दिला?"

"कागद चिटकवला ते खरं, साहेब. बाई घरात व्हती ते खोटं. कुलूप व्हतं."

"आज खरं बोलताय कशावरून?"

"आज मला तोटाच हाये, साहेब."

जज्जसाहेबांनी मान खाली घालून ते शब्दशः टिपून घेतलं.

एकतर्फी निकाल रद्द झाला. दावा पहिल्यापासून चालणार होता, आणि तोवर दोन एकर शालूबाईच्याच वहिवाटीत राहणार होती. त्याच आठवड्यात प्रेमानंदलाही एक कागद मिळाला: कारणे दाखवा. पुढं त्याची एक वेतनवाढ थांबली. त्यानं खुलाशात कोणाचंही नाव घेतलं नाही, वाक्य शिकवणाऱ्या त्या जुन्या बेलीफाचंसुद्धा नाही. त्यानंतर बाकीचे बेलीफही कुलूप दिसलं की 'कुलूप' लिहू लागले. काही जण त्याला शिव्या देत, पण लिहीत.

निकाल रद्द झाला त्या दिवशी शालूबाई कोर्टाच्या आवारात त्याच्यापाशी आली.

"भाऊ, त्या दिवशी लई बोलले मी तुमाला."

"बराबर बोललात. आता तारखा चुकवू नका. हर तारखेला या. भाकर बांधून या, दिवस जातो."

त्या संध्याकाळी तो घरी पोचला तर मालनबाई, त्याची बायको, दारातच उभी.

"झाला का निकाल? आता वेतनवाढ जाते वाटतं दानात."

"बाईची जमीन राहिली."

मालनबाईनं आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. "बरं केलं. प्या, अन् त्या शेळ्यायला पाला आणा आधी. सकाळपासून ओरडून राहिल्या."

प्रेमानंदनं पाणी पिलं, शर्ट खुंटीला अडकवला आणि कोयती घेऊन तो नाल्याकाठच्या सुबाभळीकडं निघाला.