दीपमाळेवरचं लाल पातळ

अहमदनगर जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही मी त्या जिल्ह्यात चांगली दोन वर्षं दीपस्तंभ सांभाळला, आणि तोही बिनपगारी.

त्याचं असं झालं. बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. आमच्याकडं धरण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि भैरोबाचं टेकाड तेवढं धरणामागं तुंबलेल्या पाण्यात, म्हणजे फुगवट्यात, बेटासारखं उरलं. कालव्याला पाणी सोडलं की फुगवटा उतरायचा आणि टेकाडावरून पलीकडच्या काठाला जाणारी जुनी गाडीवाट उघडी पडायची. वरच्या अंगाला पाऊस झाला की तीच वाट बघता बघता बुडायची. (समुद्राची भरती-ओहोटी चंद्र ठरवतो. आमची पाटबंधारे खातं ठरवायचं.) होड्या जुन्या घरांच्या भिंतींवर आपटू नयेत म्हणून रोज तिन्हीसांजेला भैरोबाच्या दीपमाळेवर गॅसबत्ती टांगायची, आणि वरून पाणी येताना दिसलं की दीपमाळेला लाल बावटा लावायचा. बावटा दिसला की वाटेवर कुणी पाऊल टाकायचं नाही, हा गावाचा कायदा.

हे काम फुकटात कोण करील, असं गावसभेत विचारलं, नेमकं तेव्हा मी नाकावरची माशी हाकलायला हात वर केला. मी गावचा मास्तर. मास्तरचा वर गेलेला हात खाली कसा येणार?

लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. सुमननं तक्रार न करता देवळाच्या ओवरीत संसार मांडला. रॉकेल गावातल्या घराघरांतून पळीपळीनं जमा व्हायचं. बत्ती पुसायची ती, पंप मारायची ती, वात्रट जाळी सांभाळायची ती. मी फक्त बत्ती वर टांगायचो आणि काठावर लोकांनी 'मास्तरांची बत्ती' म्हटलं की मान डोलवायचो.

तक्रार होती ती माझ्या सासऱ्यांची. आबा राहात्याकडचे पेरूची बाग असलेले शेतकरी. लेक पाण्यात राहायला गेल्याचं कळल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "मी मास्तर बघून पोरगी दिली, बेडूक बघून न्हाई." त्यानंतर ते आमच्या उंबऱ्याला आलेच नाहीत. सुमनला सातवा सरला तेव्हा त्यांचा निरोप आला. बाजारच्या दिवशी पोरीला बाळंतपणाला न्यायला येतो. माघारी धाडायची का न्हाई, ते तिथं आल्यावर ठरवतो.

एरवी माझ्या प्रत्येक घोटाळ्याला हसणारी सुमन त्या दिवशी हसली नाही. आबांनी एकदा आपलं घर डोळ्यांनी बघावं, एवढंच तिचं मागणं होतं. आणि माझ्याकडं आणखी एक.

"अहो, आबांच्या समोर काही शहाणपणा करू नका."

मी शब्द दिला. आणि आबांच्या समोर नव्हे, त्यांच्या येण्याआधीच शहाणपणा केला.

झालं काय, त्या बाजारच्या दिवशी तिला नेसायचं होतं आबांनी लग्नात घेतलेलं लाल पातळ. आदल्या संध्याकाळी मी त्यावर बत्तीतलं रॉकेल सांडलं होतं. तिला वाकवत नव्हतं. म्हणून ती दुपारी पडली असताना मी ते नेऊन धुतलं. (त्या काळी बायकोचं पातळ धुणारा नवरा गावात दिसला असता, तर बघायला जत्रा भरली असती. बेटाचा हा एक फायदा.) आता ते लवकर वाळायला हवं. खाली बाभळीचे काटे. ऊन आणि वारा दोन्ही भरपूर अशी एकच जागा होती. मी दीपमाळेवर चढलो, पातळ वरच्या दगडी हातांना ऐसपैस बांधलं आणि खाली उतरून स्वतःवर खूश होऊन चहा केला.

काठावर काय घडलं ते मला मागून कळलं. आबा पेरूची पाटी घेऊन पोचले. समोर वाट खडखडीत कोरडी. त्यांनी पाऊल उचललं, तर होडीवाल्या सखातात्यानं त्यांचा दंड धरला.

"थांबा पाव्हणं. बावटा लागलाय."

"आरं, वाट तर कोरडी हाय."

"आत्ता हाय. पर मास्तरनी एवढा मोठा बावटा कदी लावला न्हवता. लई पानी येत आसंल."

होडी चिखलात रुतलेली. त्यामुळं आबा बसले, तात्या बसला, बाजाराहून परतणारं सगळं माणूस बसलं आणि येऊ घातलेल्या महापुराची वाट बघू लागलं.

इकडं सुमन उठून ओट्यावर येऊन उभी. तिला काठावर आबांचं मुंडासं दिसत होतं. "बसून राहिलेत हो," ती म्हणाली. "इथवर आले, पण राग काही गेला नाही त्यांचा." तिचे डोळे भरले. मी धावत कडेला गेलो आणि दोन्ही हात हलवून 'या, या' केलं. तिकडं तात्यानं त्याचा अर्थ 'मागं सरका' असा लावला आणि सगळा बाजार उठून मागं सरकला. आबासुद्धा.

"चालले ते," सुमन म्हणाली. मग तिची नजर वर गेली. "अहो, माझं पातळ कुठं वाळत घातलंय?"

मी दीपमाळेवर असा चढलो की भैरोबालाही धडकी भरली असेल. पण ओल्या गाठी सुटेनात. एक सुटली आणि वाऱ्यानं अख्खं पातळ माझ्याभोवती गुंडाळलं. डोकं आत, हात आत, पाय कुठं ते भैरोबाला ठाऊक. मी नुसता धडपडत होतो.

आबांनी ते पातळ ओळखलं. स्वतः निवडलेलं होतं त्यांनी. आपली अवघडलेली लेक जीव मुठीत धरून दीपमाळेवर चढलीय आणि बापाला बोलावतेय, असं त्यांना वाटलं. पाटी टाकून म्हातारा वाटेवर धावत सुटला. मागून सगळा बाजार ओरडत होता, पाणी येतंय, माघारी फिरा. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"सुमे, हलू नगं बाळा," खालून त्यांचा आवाज आला. "म्या आलोय."

मी कसंबसं पातळ बाजूला सारलं. आबांना लेकीऐवजी माझ्या मिशा दिसल्या.

सुमन मागून आली नि "आबा" म्हणाली. ते तिच्याकडं धावले. तिला चाचपून बघितलं, डोळे पुसले, मग पातळासकट खाली उतरलेल्या माझ्याकडं वळले.

"पातळ वर कशापायी?"

"त्यांनी धुतलंय, आबा," सुमन म्हणाली. "मला वाकवत नाही ना."

आबांनी पातळाचा पदर हातात घेऊन उलटसुलट बघितला. हुंगला. मी आयुष्यात एवढी अवघड परीक्षा दिलेली नाही.

"पिळायचं शिकून घ्या," ते शेवटी म्हणाले. "धरा तिकडचं टोक."

आम्ही दोघांनी मिळून पातळाची घडी घातली. तिन्हीसांज झाली, तेव्हा बत्तीला पंप आबांनी मारला, आणि बत्ती वर गेल्यावर बराच वेळ तिच्याकडं बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सुमनला घेऊन निघताना म्हणाले, "बारसं झालं की म्याच आणून सोडतो."

आणून सोडलं. लेक झाली होती. बाळंतविडा आबांनी स्वतः बाजारात उभं राहून घेतला होता. दुपटी, अंगडी, झबली, कुंच्या, सगळं पांढरं, पिवळं नाहीतर हिरवं. लाल चिंधीसुद्धा नव्हती. ते धुणार कोण आणि वाळत घालणार कुठं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.