जंगलूच्या गेरूच्या फुल्या

गावच्या मालगुजारांनी केशोराव मास्तरांना देवीच्या देवळापुढचा मंडप झाडून घ्यायला सांगितलं होतं. मास्तरांनी तो चुन्यानं पांढराशुभ्र करून टाकला. सातवी पास माणसाचं नुसत्या झाडलोटीनं कसं भागावं? खांबांवरच्या गेरूच्या फुल्यांवर तर स्वतः उभं राहून दोन-दोन हात मारून घेतले.

त्या फुल्या जंगलूच्या. भोसल्यांच्या काळचा सागवानी मंडप. कुठला खांब आतून वाळवीनं खाल्ला, ते बाहेरून कळत नसे. जंगलू गोंड दर चैत्रात जत्रेआधी एकेक खांब कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकायचा, कान लावायचा. पोकळ वाजला की फुली. फुलीखाली कुणी बसायचं नाही, हे अख्ख्या गोरेगाव भागाला ठाऊक. एकोणीसशे एकतीस सालीही तो फुल्या मारून मोहफुलं वेचायला गेला. परतला तो जत्रेच्या दिवशी. मंडप बायांनी गच्च भरलेला.

"काऊन जी मास्तर, माह्या फुल्या कोठी गेल्या?"

"अरे, मंडप पाह्य! नवरदेव दिसून राहिला!"

"नवरदेवाच्या पोटात वाळवी हाय जी! बायांले उठवा!"

मास्तर उठवतात कसले! जंगलूच आत घुसला, ओरडत, हाताला धरून ओढत. पोकळ खांबाला टेकून बसलेल्या अनुसयाबाई तेवढ्या हटेनात. "मी पहिलेपासून बसली हावो. तूच जाय ना!" खांब वाकला, वरची तुळई खाली आली. अनुसयाबाई तिथंच गेल्या. जंगलूचा खांदा मोडला.

पंचांनी ठरवलं, जंगलूचा कान गेला, यंदा त्यानं फुली मारलीच नाही. मास्तर तिथंच बसले होते; त्यांना त्या दिवशी नेमका खोकला झाला होता.

"बुधवारच्या बाजारात एक डाव सांगून द्या जी, फुली होती म्हणून," खाटेवरून जंगलू मास्तरांना म्हणाला. "मले दुसरं काही नोको."

"सांगतो. येत्या बुधवारी."

पुढच्या चैत्रात जंगलूला बोलावणं आलं नाही. तो घरातलीच मयाल, छपराची तुळई, ठोकायचा आणि बायकोला, मंगलीला, विचारायचा, "आयकू येते का तुले? मले तं येते." तिसऱ्या वर्षी तो गेला.

मास्तर मंगलीला भेटायला गेले. तिनं पाणी दिलं. म्हणाली, "बाजाराच्या दिवशी अंगणातच बसून राहत होता जी. लोक काही बोलतेत का म्हणून."

मास्तरांनी पाणी पिऊन लोटा खाली ठेवला. "येत्या बुधवारी सांगतो," म्हणाले.

तो बुधवार गेला. त्यानंतरचेही पुष्कळ गेले.