तीन बाजूंनी प्रेक्षक

२००५च्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाच्या नाटकासाठी हॉल मी ठरवला. इथे अमेरिकेत, रेडमंडमधला नेहमीचा शाळेचा हॉल मिळाला नव्हता, पण जवळच्या एका कॉलेजचं थिएटर मोकळं होतं. मी फोनवर मापं विचारून घेतली. रंगमंच सत्तावीस फूट रुंद, बावीस फूट खोल, खुर्च्या दोनशे चाळीस. प्रत्यक्षात ही सगळी मापं बरोबर निघाली. खुर्च्या कुठल्या बाजूला आहेत, एवढं मी विचारलं नव्हतं.

त्या तीन बाजूंना होत्या. चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनच्या नाटकघरांसारखं ते मुद्दाम बांधलेलं होतं. रंगमंच थेट प्रेक्षकांत घुसलेला. पुढे दोन लाकडी खांब, त्यांवर छप्पर, छपराला आतून सूर्य आणि तारे रंगवलेले. मागे भिंतीत दोन दारं आणि वर सज्जा. पडदा नाही, विंगा नाहीत.

माझी मुलगी कॉलेजात नाटक शिकत होती. ती म्हणाली, “बाबा, दॅट्स द होल पॉइंट. तेव्हा शो दिवसाउजेडी व्हायचे, लोक तीन साइडला उभे राहायचे. पडदा कशाला?”

“आणि आपला दिवाणखाना?”

“इमॅजिन करायचा.”

दिवाणखान्याच्या तीन भिंती मी गॅरेजमध्ये प्लायवूडच्या करून, खिडक्यांसकट रंगवून ठेवल्या होत्या. त्या उभ्या केल्या असत्या तर दोनशे चाळीसपैकी एकशे साठ जणांना प्लायवूडची मागची बाजू दिसली असती. भिंती गॅरेजमध्येच राहिल्या. सोफा नेला. तो कसाही ठेवला तरी कुणाकडे तरी पाठ होत होती.

खरी अडचण प्रॉम्प्टरची होती. मंडळाच्या नाटकात पाठांतर कुणाचंच पूर्ण नसतं. विंगेत प्रॉम्प्टर असतो, हे सगळ्यांनी धरलेलं असतं. या वेळी ते काम भारतातून आपल्या मुलाकडे राहायला आलेले एक काका करणार होते. पुण्यात त्यांनी चाळीस वर्षं हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं होतं. आणि मुख्य भूमिका होती माझ्या बायकोची. नागपूरला कॉलेजात असताना ती काम करायची, त्यानंतर एकदम आता. “एकदा जरी अडकले ना, तर पुन्हा स्टेजवर चढणार नाही,” असं तिने घरी सांगून ठेवलं होतं. ती बोलते तसं करते.

म्हणून आम्ही काकांसाठी जागा शोधत फिरलो. मागच्या दाराआडून आवाज बायकोपर्यंत पोचायच्या आधी सज्ज्यात पोचत होता. रंगमंचाच्या फळ्यांत एक झडप होती, पूर्वी तिच्यातून भुतं वर यायची. काकांनी वाकून आत पाहिलं. “गुडघे पुण्यात ठेवून आलोय मी,” ते म्हणाले. मग खांबामागे उभं करून पाहिलं. खांब अठरा इंचांचा, काका बावीसचे. शेवटी त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, मांडीवर संहिता देऊन.

पहिला अंक पार पडला. काकांनी तिघांना वाक्यं पुरवली. शेजारच्या बाई त्यांना म्हणाल्या, “काका, जरा गप्प बसा ना, ऐकू येत नाही.”

दुसऱ्या अंकात बायकोचं मोठं भाषण होतं, मुलाला घराबाहेर काढण्याचं. त्याच्या मध्यावर ती थांबली. तिने काकांकडे पाहिलं. संहिता मिटलेली होती. काका मान वर करून, तोंड थोडं उघडं ठेवून, आता ही काय बोलते याची वाट बघत होते.

आत जायला विंग नव्हती. जिकडे तोंड फिरवावं तिकडे ओळखीचं कुणीतरी बसलेलं. ती चालत डाव्या खांबापाशी गेली, त्याला पाठ टेकली आणि उरलेलं भाषण तिने आपल्या शब्दांत केलं, अगदी नागपुरी सुरात. संहितेत त्यातलं काही नव्हतं. मुलगा मात्र घराबाहेर गेला.

नाटक संपल्यावर तिने काकांना गाठलं. “काका, तुम्हाला तर सगळं पाठ होतं ना?”

“पाठ आहे गं. पण चाळीस वर्षं विंगेतून नटांचे कान बघितलेत मी. समोरून कुठे बघितलं होतं?”

गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला. मग म्हणाली, “पुढच्या वर्षी कुठला हॉल?”

“शाळेचा. पडदा आहे, विंगा आहेत. मी आजच विचारून ठेवलंय.”

“तो कॅन्सल कर,” ती म्हणाली. “हाच घे.”